टेबलाचा जुना खण, ट्रॉली आणि सॉफ्ट क्लोज: कुठे काय बसवावं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दादरचं घर नव्याने करायला घेतलंय. स्वयंपाकघरात ट्रॉल्या आणि बेडरूममध्ये कपाट नवीन होणार आहे. शिवाय घरात आजेसासऱ्यांचं तीन खणांचं सागवानी टेबल आहे. त्याचे खण जून लागला की अडकतात ते दसऱ्यापर्यंत. ठेकेदार म्हणतो, सगळीकडे सॉफ्ट क्लोज, म्हणजे शेवटी आपोआप सावकाश बंद होणारे खण टाकू, टेबलालाही चॅनल, म्हणजे खण सरकवणाऱ्या धातूच्या पट्ट्या मारून देतो. तुमचे दीर म्हणतात, चॅनल पाच वर्षांत जातं, लाकडी पट्टीवर सरकणारा खण जन्मभर पुरतो. यातलं खरं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी 34 वर्षं फर्निचरचं काम करतोय. वडिलांच्या लालबागच्या गाळ्यात रंधा धरायला शिकलो, आता जोगेश्वरीला वर्कशॉप आहे. दोन्ही प्रकारचे खण रोज करतो. मला वाटतं, तुमचा ठेकेदार आणि तुमचे दीर वेगवेगळ्या खणांबद्दल बोलताहेत. ठेकेदाराच्या डोळ्यासमोर कुकर आणि डब्यांनी भरलेली अडीच फुटी ट्रॉली आहे. दिरांच्या डोळ्यासमोर कागदपत्रं, चष्मा आणि किल्ल्या ठेवायचा टेबलाचा अरुंद खण आहे. त्या त्या खणापुरतं दोघांचं म्हणणं बरोबर आहे. गडबड होते ती एकाचा नियम दुसऱ्याला लावताना. म्हणून स्वयंपाकघर, बेडरूम आणि टेबल, या तिन्ही ठिकाणचे खण मी वेगवेगळे घेतो.

आधी टेबलाचा खण अडकतो का, ते सांगतो. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते सगळीकडून सारखं फुगत नाही. फळीच्या लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, फुगते ती रुंदी. खणाच्या बाजूची फळी आडवी लावलेली असते, म्हणजे फळीची रुंदी ही खणाची उंची होते. त्यामुळे पावसाळ्यात खण उंचीला वाढतो आणि वरच्या पट्टीला घासतो. लोकांना वाटतं तो बाजूंनी अडकलाय, मग बाजू घासत बसतात.

किती वाढतो, हेही सांगता येतं. सहा इंची, म्हणजे 150 मिलिमीटर रुंदीची सागाची फळी घ्या. मुंबईत फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत लाकडातला ओलावा चार-साडेचार टक्क्यांनी वाढला, तर ती फळी सव्वा मिलिमीटरच्या आसपास रुंद होते. तीच फळी ओंडक्याच्या गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने कापलेली असेल, तर वाढ पाऊण मिलिमीटरच्या आत राहते. आकडे छोटे वाटतील. पण चांगल्या बसवलेल्या खणाला वर मोकळी जागाच मिलिमीटरभर असते. म्हणून जुने सुतार वखारीत फळीची कड बघून निवड करायचे. रेषा कडेला उभ्या दिसल्या की ती फळी खणाच्या बाजूंसाठी वेगळी काढून ठेवायची. माझे वडील दर्शनी फळी सागाची घ्यायचे आणि बाजू शिवण नावाच्या झाडाच्या लाकडाच्या करायचे. शिवण हलकी असते, कमी हलते आणि रंध्याखाली लोण्यासारखी जाते. कोकणातल्या सुतारांना हे नव्याने सांगावं लागत नाही.

साग मुळातच कमी हलणारं लाकूड आहे. वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागाचं बांधलेलं ट्रिंकोमाली जहाज 1817 साली पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. तरीसुद्धा कमी हलणारं म्हणजे न हलणारं नाही, आणि मुंबईचा जुलै सागालाही सोडत नाही.

यात मी स्वतः एकदा चांगलाच चुकलोय. कामाला लागून सहा-सात वर्षं झाली होती. एका गिऱ्हाइकासाठी पाच खणांचं सागवानी कपाट फेब्रुवारीत पूर्ण केलं. एक खण आत ढकलला की हवेच्या दाबाने दुसरा थोडा बाहेर यायचा. सायकलच्या पंपातला दट्ट्या जसा सरकतो, तसे खण सरकत होते. मला फार अभिमान वाटला होता. जुलैत फोन आला. पाचातले तीन खण उघडतच नव्हते आणि एकाची मूठ ओढून ओढून उखडली होती. मी जाऊन पाहिलं तर प्रत्येक खणाची वरची कड घासून चकचकीत झाली होती. सुक्या हवेत मी खण पावसाळ्याच्या मापाने बसवला होता, वाढायला जागाच ठेवली नव्हती. तेव्हापासून खण कोणत्या महिन्यात बसवतोय हे बघून मी वरची फट ठरवतो. भर पावसात बसवत असेन तर जाड कागद जेमतेम सरकेल एवढी ठेवतो. जानेवारी-फेब्रुवारीत सहा इंची बाजूला दीड मिलिमीटर सोडतो. बाजूंना बारा महिने फट कमीच ठेवतो, कारण त्या दिशेने लाकूड वाढत नाही.

खण अडकण्याचं दुसरं कारण मापांचं आहे. लाकडी पट्टीवर सरकणारा खण अरुंद आणि खोल असावा. रुंदी एक फूट, खोली दीड फूट, असा खण एका बोटाने सरकतो. हेच माप उलटं करा, दोन फूट रुंद आणि सव्वा फूट खोल. एका बाजूने ओढला की तो तिरका होतो, दोन कोपरे चौकटीत रुततात आणि जितकं जोरात ओढाल तितका जास्त रुततो. अशा खणाला कितीही मेण लावा, काही उपयोग नाही. जुन्या रुंद खणांना दोन मुठी असतात. त्या दोन्ही हातांनी एकदम ओढायच्या असतात. एका हातात फोन धरून एकच मूठ ओढली की तक्रार सुरू होते.

आता चॅनल. बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. पांढरं, चाकावर चालणारं चॅनल सगळ्यात स्वस्त असतं. त्यावर खण पाऊण भागच उघडतो आणि वजनही कमी पेलतो. दुसरं बेअरिंगच्या गोळ्यांवर चालणारं टेलिस्कोपिक चॅनल, 45 मिलिमीटर उंचीचं, खणाच्या बाजूला लागतं आणि खण पूर्ण बाहेर येतो. ते साधं मिळतं आणि सॉफ्ट क्लोजही मिळतं. तिसरं अंडरमाउंट, खणाच्या तळाखाली लपणारं. ते बहुतेक सॉफ्ट क्लोजच येतं आणि टेलिस्कोपिकच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतं.

सॉफ्ट क्लोज म्हणजे आतली यंत्रणा अगदी साधी आहे. खण बंद होताना शेवटचे दीड-दोन इंच उरले की एक स्प्रिंग त्याला आत ओढते आणि तेल भरलेली छोटी नळी त्या ओढीला अडवते. दोघांच्या ओढाताणीत खण सावकाश बसतो. ही ओढ उघडतानाही जाणवते. पहिल्या दोन इंचांत स्प्रिंग ताणावी लागते, म्हणून सॉफ्ट क्लोज खण सुरुवातीला किंचित जड लागतो. तुम्ही लिहिलंय की सासूबाईंना संधिवात आहे. त्यांच्या बेडच्या बाजूच्या छोट्या खणाला सॉफ्ट क्लोज लावण्याआधी दुकानातल्या नमुन्यावर त्यांच्याच हाताने उघडून बघा. बोटांत पकडायची बारीक गोल मूठ नको, चार बोटं आत जातील असं लांब हँडल घ्या. घरात नातवंडं असतील तर त्यांच्यासाठी मात्र सॉफ्ट क्लोज फार मोलाचं. चिमटलेली बोटं मी बघितली आहेत.

चॅनलचा मोठा गुण असा की त्याला लाकडाच्या फुगण्याशी देणंघेणं नसतं. खण चौकटीला कुठेच टेकत नाही, लोखंडावर तोललेला असतो. प्लायचा खण रुंदीत जवळजवळ बदलत नाही, आणि उंचीला वाढला तरी वर मोकळी जागा असते. म्हणून जुलै असो की जानेवारी, तो सारखाच चालतो. रुंद खण तिरका न होता सरकतो, आणि दोन्ही चॅनलना जोडणारा दांडा घेतला तर तीन फुटी खणही सरळ येतो.

पण चॅनल मरतंही, आणि मुंबईत लवकर मरतं. कारणं दोन. पहिलं समुद्र. तुम्ही दादर पश्चिमेला चौपाटीच्या अंगाला राहत असाल तर खारी हवा घरात येणारच. स्वस्त चॅनलवरचा जस्ताचा मुलामा पातळ असतो. चौपाटीजवळच्या एका घरातली चॅनलं मी चौथ्या वर्षी काढली, तेव्हा गोळ्या तपकिरी गाळात रुतून बसल्या होत्या. त्याच इमारतीत मागच्या बाजूच्या घरातली तशीच चॅनलं नऊ वर्षं चालली. दिरांचं ‘पाच वर्षांत जातं’ हे वाक्य अशाच एखाद्या घरातून आलं असणार. सिंकशेजारच्या खणांना 304 ग्रेड स्टेनलेस स्टीलचं चॅनल मिळतं, तिथे ते घ्या. बाकी घराला त्याची गरज नाही.

दुसरं कारण माणसाच्या हातचं आहे, आणि तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. दोन्ही चॅनल एकमेकांना समांतर आणि एका पातळीत हवीत. कपाटाचा बॉक्स आतून पुढे 564 आणि मागे 561 मिलिमीटर रुंद असेल तर खण मागे जाताना आवळतो, गोळ्यांची पट्टी वाकते आणि सॉफ्ट क्लोजचा हुक अडकत नाही. मग खण शेवटचे दोन इंच उघडाच राहतो. लोक म्हणतात कंपनी खराब, आणि कंपनीचा माणूस म्हणतो सुतार खराब. मी असा खण बघायला गेलो की आधी टेपने बॉक्सचे दोन्ही कर्ण मोजतो, मग पुढची आणि मागची आतली रुंदी. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. महाग चॅनल वाकड्या बॉक्सला सरळ करत नाही. उलट अंडरमाउंट जास्त काटेकोर असतं, त्यात चूक लवकर दिसते.

दिरांचा आणखी एक मुद्दा मला मान्य आहे. सॉफ्ट क्लोज ही गोष्ट अजून तरुण आहे. ऑस्ट्रियाच्या ब्लुम कंपनीचं ब्लुमोशन 2001 साली आलं, आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत हे सगळं त्याहून नंतर पोचलं. त्यामुळे पन्नास वर्षं वापरलेलं सॉफ्ट क्लोज कोणी दाखवूच शकत नाही. लाकडी पट्टीवरचे शंभर वर्षांचे खण मात्र चोरबाजारात मटण स्ट्रीटला आजही उघडून बघता येतात. पाकिटावर 50,000 वेळा चाचणी केल्याचं छापलेलं असेल तर हिशोब करा. दिवसाला वीस वेळा उघडणारी स्वयंपाकघरातली ट्रॉली वर्षाला 7,300 वेळा उघडते, म्हणजे सात वर्षांत तो आकडा गाठते. त्यानंतर ती लगेच बंद पडते असं नाही. पण चॅनल ही बदलायची वस्तू आहे, हे पहिल्या दिवसापासून धरून चालावं आणि तशीच सोय ठेवावी. सोय म्हणजे काय ते पुढे सांगतो.

तर स्वयंपाकघरात निःसंकोच चॅनल घ्या. तिथे रुंद, जड, दिवसभर उघडणारे आणि ओल्या हातांनी ओढले जाणारे खण असतात. लाकडी पट्टीवर ते मी माझ्या घरातही करणार नाही, केलेले नाहीत. फक्त वजनाचा अंदाज घ्या. ज्या ट्रॉलीत कुकर, परात, बिडाचा तवा आणि कढया जाणार, त्या सगळ्या वस्तू एका टोपलीत घालून टोपली हातात घ्या, वजनकाट्यावर उभ्या राहा आणि त्यातून तुमचं वजन वजा करा. वीस-बावीस किलो सहज भरतात. त्यात लाकडाचं आणि प्लायचं वजन मिळवा. नेहमीच्या टेलिस्कोपिकवर 35 किंवा 45 किलो लिहिलेलं असतं. लिहिलेल्या वजनाच्या दोन-तृतीयांशापर्यंतच मी भरू देतो. डाळी-तांदळाच्या डब्यांच्या खालच्या ट्रॉलीला 45 किलोवालं घ्या, चमच्यांच्या खणाला 35 भरपूर झालं.

मिसळणाच्या डब्याचा आणि चमच्यांचा खण शक्य असेल तर अंडरमाउंटवर करा. कारण मोहरी. बाजूच्या चॅनलमध्ये मोहरी, साखर, रवा पडतो, गोळ्यांच्या ग्रीसला चिकटतो आणि वर्षभरात खण करकरायला लागतो. अंडरमाउंट तळाखाली झाकलेलं असल्याने हे टळतं. बाकीच्या ट्रॉल्यांना टेलिस्कोपिक सॉफ्ट क्लोज पुरे आहे. सगळीकडे महागाचं घेऊन पैसे घालवू नका, ते पैसे प्लायमध्ये घाला. स्वयंपाकघरात 710 नंबरचं, म्हणजे मरीन प्लाय घ्या. आयएसआय खुणेबरोबर हा आकडा फळीवर छापलेला असतो, तो बघून घ्या. प्लाय सैल पडलं की चॅनलचे स्क्रू सुटतात, आणि स्क्रू सुटलेलं चॅनल कुठल्याही कंपनीचं असलं तरी लोंबकळतंच.

बेडरूमच्या कपाटात गोष्ट जरा वेगळी आहे, कारण तिथे जागेचा प्रश्न येतो आणि मुंबईत इंच-इंच मोजावा लागतो. समजा, खणासाठी आतून 400 मिलिमीटर रुंद जागा आहे आणि बाजूच्या फळ्या 12 मिलिमीटरच्या आहेत. टेलिस्कोपिकला दोन्ही बाजूंनी मिळून 26 मिलिमीटर सोडावे लागतात, आत 350 उरतात. अंडरमाउंटला बाजूची फळी 16 मिलिमीटरपर्यंत चालते आणि आतली रुंदी जागेपेक्षा 42 ने कमी धरतात, म्हणजे 358 मिळतात. पण तळाखाली 13 मिलिमीटर द्यावे लागतात, त्यामुळे खण तेवढा उथळ होतो. लाकडी पट्टीवर नीट बसवलेल्या खणाला बाजूंनी मिळून मिलिमीटरभरच लागतं, आत 375 मिळतात. एका खणात इंचभराने काही बिघडत नाही. पण आठ इंच रुंद दागिन्यांचा खण असेल तर इंच फार मोठा आहे.

खण आत किती खोल जातो, त्या मापातही असंच होतं. चॅनल ठरावीक लांबीतच मिळतात, अंडरमाउंट 50 मिलिमीटरच्या टप्प्यांत आणि टेलिस्कोपिक दोन-दोन इंचांच्या टप्प्यांत. कपाट आतून 440 असेल तर तुम्हाला 400 चं चॅनल बसेल आणि मागे दीड इंच वाया जाईल. म्हणून कपाटाची खोली ठरवण्याआधी चॅनलची लांबी ठरवावी. मुंबईतले बरेच ठेकेदार हे उलटं करतात.

बेडरूमच्या मुख्य खणांना, कपडे, चादरी, साड्या, मी चॅनलच लावेन. तुमचं कपाट प्लायचं आणि सनमायकाचं आहे, आणि प्लायच्या कडेवर सरकणारा खण काही वर्षांत कड झिजवून पापुद्रे काढतो. लाकडी पट्टीचा खण करायचा तर बाजू भरीव लाकडाच्या हव्यात आणि कारागीरही तसा हवा. डव्हटेलचे, म्हणजे कोपऱ्यात एकमेकांत अडकणारे सांध्याचे दात हाताने कापून, बसवून, मेण लावून एक खण करायला मला पूर्ण दिवस लागतो. चॅनलचा प्लायचा खण दोन तासांत होतो. तुमच्या ठेकेदाराकडे हातरंध्याने कड मारणारा माणूस नसेल तर लाकडी खणाचा हट्ट धरू नका. वाईट बसवलेल्या लाकडी खणापेक्षा नीट बसवलेलं साधं चॅनल कितीतरी बरं. असा कारागीर मिळालाच, तर सासूबाईंच्या उशाशी औषधांचा एखादा अरुंद खण शिवणीच्या बाजूंचा करून घ्या. त्याला स्प्रिंग नसेल, तो हलक्या हाताने उघडेल.

इथवरचं एवढं लक्षात ठेवा: रुंद, जड आणि प्लायचा खण चॅनलवर, अरुंद, हलका आणि भरीव लाकडाचा खण पट्टीवर, आणि दोन्हीकडे बॉक्स गुण्यात, म्हणजे काटकोनात असलाच पाहिजे.

आता टेबल. हे वाचून तुम्ही एकच गोष्ट करणार असाल तर ही करा: त्या टेबलाला चॅनल लावू देऊ नका.

कारण सांगतो. जुना खण चौकटीत पूर्ण भरून बसलेला असतो. चॅनलला प्रत्येक बाजूला साडेबारा मिलिमीटरच्या वर जागा लागते. ती आणायची कुठून? एक तर खणाच्या बाजू तासून पातळ करायच्या, किंवा खण मोडून दर्शनी फळी ठेवायची आणि मागे प्लायचा नवा डबा जोडायचा. पहिल्यात बाजू कागदासारख्या होतात आणि डव्हटेलचे दात कापले जातात, म्हणजे सांधाच जातो. दुसऱ्यात तुमच्या आजेसासऱ्यांच्या खणाची फक्त पुढची फळी उरते. शिवाय टेबलाच्या आत सपाट भिंत नसते, पाय आणि आडव्या पट्ट्या असतात. चॅनल मारायला गुटके ठोकावे लागतात, त्यांचे स्क्रू जुन्या सागात जातात. असं केलेलं एक टेबल माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. शिसवी होतं, कोरीव पायांचं, जुन्या मुंबईत होत असे तसं. कोणीतरी तीनही खण तासून चॅनल मारली होती आणि तीही गंजली होती. मी खण नवे करून दिले, पण जुने दात परत आणता आले नाहीत. ते मला अजून लागतं.

तुमच्या टेबलाचा इलाज स्वस्त आहे. आधी प्रत्येक खण बाहेर काढून मागे पेन्सिलीने नंबर लिहा, कारण प्रत्येक खण त्याच्याच जागी बसवलेला असतो आणि अदलाबदल झाली की नसलेला त्रास सुरू होतो. मग खण उजेडात धरून कडा बघा. जिथे लाकूड काळपट आणि चकचकीत झालंय, तिथेच तो घासतोय. तेवढ्याच जागेवर पेन्सिलीची खूण करा. पावसाळ्यात खण उघडतच नसेल तर खुणेवर रंध्याची एक-दोन सालपटं काढा, त्यापुढे जाऊ नका. पूर्ण काम दिवाळीनंतर करा. फुगलेलं लाकूड काचेसारखं सरकेपर्यंत तासलं तर फेब्रुवारीत तो खण खुळखुळतो, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

खण खाली करून आतली पट्टीही बघा. इतक्या वर्षांच्या वापरात पट्टीत खोबण पडलेली असते आणि खणाची खालची कड गोल झिजलेली असते. त्यामुळे खण पुढे झुकतो, त्याचं मागचं टोक वर उचललं जाऊन वरच्या पट्टीला अडतं. बऱ्याच टेबलांत पाऊस हे निमित्त असतं आणि खरं दुखणं ही झीज असते. पट्टी नवी बसवायची आणि खणाच्या झिजलेल्या कडेला त्याच जातीच्या लाकडाची पातळ चीप सरसाने चिकटवून रंधायची. तीन खणांना अर्धा-पाऊण दिवस लागतो. चॅनलच्या बाबतीत नेमकी ही सोय नसते. पंधरा वर्षांनी तेच मॉडेल मिळेल याची खात्री नसते.

सरकणाऱ्या कडांना मेण लावा. घरातली पांढरी मेणबत्ती चालते, मधमाशीचं मेण मिळालं तर उत्तम. खोबरेल तेल लावू नका. ते धूळ धरतं आणि चिकट होतं. बाहेरून लाखेचं पॉलिश करायला हरकत नाही, पण सरकणाऱ्या कडांवर मेलामाइनसारखं चकचकीत पॉलिश मारू देऊ नका, दमट हवेत त्या कडा चिकटतात. आणि हो, टेबल कुठे ठेवणार आहात? एसी चालणाऱ्या खोलीत ठेवलंत तर खण पावसाळ्यातही कमी अडकतील, पण एसीच्या थेट झोतात ठेवू नका, वरच्या फळीला भेगा पडतात. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. पाठ भिंतीला टेकलेल्या टेबलाचे खण मागून फुगतात.

बदलायची सोय म्हणालो होतो, ती अशी. नव्या कामात प्रत्येक चॅनलची कंपनी, मॉडेल आणि लांबी कपाटाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा आणि बिल जपून ठेवा. चॅनल स्क्रूवरच बसवायला सांगा, खिळा किंवा डिंक नको. प्रत्येक लांबीची एक जादा जोडी आत्ताच घेऊन माळ्यावर ठेवून द्या. हे सगळं नागदेवी किंवा लोहार चाळीत मिळतं. पण पाकीट उघडून दोन्ही चॅनल पूर्ण ताणून बघितल्याशिवाय घेऊ नका. ताणल्यावर ती बाजूला लचकत असतील तर दुसरी मागा.

ठेकेदाराशी बोलाल तेव्हा टेबलाचा विषय आधी काढा आणि ते टेबल काम चालू असताना शेजाऱ्यांकडे किंवा नातेवाइकांकडे हलवा. लादीच्या कामाचं पाणी आणि सिमेंटची धूळ त्याला लागू देऊ नका. मग स्वयंपाकघराच्या कपाटाची आतली खोली विचारा. त्याने 20 इंच सांगितली तर चॅनल कितीचं येणार ते विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. खणांचे फोटो काढाल तेव्हा बाजूच्या फळीच्या कडेचा जवळून एक फोटो पाठवा. रेषा कशा आहेत ते दिसलं की दिवाळीनंतर किती तासावं लागेल ते मी सांगू शकेन.